गाडीचा एसी थंड हवा देत नाही? गोव्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की आमच्या गॅरेजचा फोन सकाळी आठपासून वाजतो आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "पात्रांव, एसी थंड करीत नाही, गॅस भरून पाहिजे." रोगाचं नाव आणि औषध दोन्ही फोनवरच ठरलेलं. मी बार्देशात गेली वीसेक वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या गाड्यांची बोनेटं उघडून पाहिली आहेत. एकाच उन्हाळ्यात तीन-तीन वेळा गॅस भरून पैसे घालवलेली माणसं समोर येऊन बसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण पहिल्याच वेळी कोणी अर्धा तास देऊन गॅस गेला कुठे हे शोधलं असतं तर ते पैसे वाचले असते. म्हणून रोज विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

एसी थंड होत नाहीये. गॅरेजला नेण्याआधी घरी काय पाहता येईल?

बरंच काही, आणि त्यासाठी एकही पाना लागत नाही.

गाडी सावलीत उभी करा, इंजिन सुरू करा, एसी लावा, थंडाव्याचं बटण शेवटापर्यंत फिरवा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद करून आतलीच हवा फिरू द्या. हे शेवटचं बटण विसरलेल्या गाड्या दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. कोणीतरी काच पुसायला बाहेरची हवा सुरू केलेली असते आणि ती तशीच राहते. दुपारची ३४ अंशांची दमट हवा सतत आत येत राहिली तर चांगला एसीही दमतो.

आता बोनेट उघडून कान द्या. बऱ्याच गाड्यांमध्ये एसी लावताच कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) क्लचचा, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणाऱ्या भागाचा, 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिन क्षणभर दबल्यासारखं होतं. आवाज आला नाही तर क्लच लागत नाही. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतोच, तिथे हा आवाज ऐकू येणार नाही, त्याने घाबरू नका. त्यानंतर रेडिएटरचा पंखा फिरतो का ते लांबूनच पाहा. हात, ओढणी, गळ्यातला गोफ पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवा. पंखा कधीही आपोआप सुरू होतो.

पाच-सात मिनिटांनी इंजिन बंद करा आणि एसीचा जाड पाइप, म्हणजे डॅशबोर्डच्या आतल्या थंड करणाऱ्या कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारा, हलकेच हाताने पाहा. तो गार आणि घाम फुटलेला असेल तर थंडावा तयार होतो आहे, फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही. तो कोमट असेल तर थंडावा तयारच होत नाही. बारीक पाइपाला हात लावू नका, तो चांगलाच तापलेला असू शकतो. एवढं पाहून गॅरेजमध्ये आलात आणि हे सगळं सांगितलंत, तर आमचं अर्धं काम झालेलं असतं.

एसीचा गॅस किती वर्षांनी संपतो?

तो संपत नाही. पेट्रोल जळतं, ऑइल खराब होतं, ब्रेकचे पॅड झिजतात. एसीचा गॅस यांतलं काहीच करत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. आत द्रवाची वाफ होताना केबिनमधली उष्णता उचलतो, पुढे कंडेन्सरमध्ये त्या वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकतो. तोच गॅस, तेच चक्र, वर्षानुवर्षं.

रबरी नळ्या आणि सांधे यांतून अगदी थोडा गॅस वर्षागणिक झिरपतो, हे खरं. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या गाडीत थोडी भर घालावी लागली तर त्यात वावगं काही नाही. पण मागच्या चवथीला भरलेला गॅस यंदाच्या शिगम्याला कमी झाला असेल, तर गाडीला कुठेतरी भोक आहे. लहान गाडीत मुळात गॅस असतो ३५० ते ५०० ग्रॅमच्या आसपास. त्यातला शंभर-दीडशे ग्रॅम गेला तरी फरक जाणवायला लागतो. "दर वर्षी सर्व्हिसिंगला गॅस टॉप-अप करून घ्या" असं कोणी सांगत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा : आधीचा गेला कुठे?

गळती शोधतात तरी कशी? ती डोळ्यांना दिसते का?

गॅस दिसत नाही, पण त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं आणि गळतीच्या जागी ते तेल बाहेर येतं. त्या तेलावर आपल्याकडची लाल धूळ चिकटते. म्हणून आम्ही आधी डोळ्यांनीच शोधतो : सांध्याभोवती, कंडेन्सरच्या कोपऱ्यांत, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तेलकट, काळपट-लाल डाग.

गेल्या उन्हाळ्यात हरमलहून एक टॅक्सीवाला आला. मार्चपासून तीनदा गॅस भरून झाला होता आणि प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवसांत हवा पुन्हा कोमट. मी गॅस भरला नाही. पुढचा बंपर उतरवला आणि कंडेन्सर नळाच्या पाण्याने हळूहळू धुतला. वरचा सगळा भाग स्वच्छ झाला. डावीकडे खालच्या कोपऱ्यात मात्र रुपयाएवढा एक डाग पाण्याने हटेना. मग रिकाम्या झालेल्या लाइनमध्ये नायट्रोजनचा दाब भरला आणि त्या डागावर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. मिनिटभर काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला, चण्याएवढा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा यायला लागला. तो टॅक्सीवाला माझ्या शेजारी उकिडवा बसून पाहत होता. "एवढ्याशा भोकातून माझे तीन दिवसांचे भाड्याचे पैसे गेले," एवढंच तो बोलला.

सगळ्याच गळत्या अशा समोर येत नाहीत. मग लाइनमध्ये खास रंग सोडून निळ्या-जांभळ्या प्रकाशात पाहतात, तो गळतीच्या जागी हिरवट-पिवळा चमकतो. गॅसचा वास घेतल्यासारखं काम करणारं डिटेक्टर यंत्रही असतं. सगळ्यांत त्रासदायक गळती डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलची. तिथे पोचायला बहुतेक गाड्यांचा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून "आत असेल" असं नुसत्या अंदाजावर ठरवू देऊ नका. डिटेक्टर एसीच्या जाळीशी किंवा पाणी पडण्याच्या नळीशी धरून आधी खात्री करून घ्या.

आमचं घर समुद्राच्या अगदी जवळ आहे. त्याचा एसीवर परिणाम होतो का?

होतो, आणि माझ्या मते गोव्यातल्या गाड्यांच्या एसीचा पहिला शत्रू हाच आहे. कंडेन्सर असतो रेडिएटरच्याही पुढे, गाडीच्या तोंडाशी, ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या आणि कागदासारख्या पात्यांचा. कळंगुट, मोरजी, कोलवा, बेतूल इकडे रात्रभर खारा वारा त्यावर बसतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे ॲल्युमिनियम कधी नीट सुकतच नाही आणि आतून पोखरत जातं. असा कंडेन्सर मी हातात घेतो तेव्हा खालच्या बाजूची पाती भिजलेल्या पापडासारखी बोटांत विरघळतात. वरून तो ठीक दिसत असतो.

उपाय अगदी साधा आहे. दर पंधरा दिवसांनी, इंजिन थंड असताना, बागेला पाणी घालतो त्या नळीने गाडीच्या पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर गोडं पाणी सोडा, दोन मिनिटं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. वॉशिंग सेंटरवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारू देऊ नका, पाती वाकून हवेचा रस्ता बंद होतो. गाडी वाळूत उतरवून लाटांच्या कडेने चालवणाऱ्यांनी तर त्याच दिवशी घरी येऊन पुढचा भाग आणि खालची बाजू धुवावी.

डिचोली, साखळी, कुडचडे भागात मिठाऐवजी लाल धूळ. ती धातू तितकीशी खात नाही, पण पावसाच्या पहिल्या शिंतोड्यांनी तिचा चिखल होतो आणि कंडेन्सरच्या पात्यांत लिंपल्यासारखा बसतो. तिथेही धुणं हाच उपाय.

गाडी चालताना एसी छान थंड, पण रांगेत उभी राहिली की गरम हवा. गॅस कमी आहे का?

गॅसही असू शकतो, पण मी आधी पंखा पाहीन. गाडी पळत असताना समोरून येणारा वाराच कंडेन्सरला थंड करतो. पर्वरीच्या रांगेत उभी राहिली की ते काम पंख्याचं. पंख्याची मोटर, त्याचा फ्यूज, रिले किंवा वायरचा गंजलेला जोड यांतलं काहीही गेलं की उभ्या गाडीत कंडेन्सर तापतो, दाब चढतो आणि थंडावा जातो. काही वेळा पंखा फिरत असतो, पण दोन वेगांपैकी संथ वेगावरच. नुसतं पाहून तो ठीक वाटतो.

घरी एक चाचणी करता येते. गाडी उभी, एसी सुरू, हवा कोमट यायला लागली की कोणालातरी नळीने कंडेन्सरवर बाहेरून पाणी मारायला सांगा. मिनिटभरात आतली हवा थंड झाली तर दोष पंख्याचा किंवा घाणीने भरलेल्या कंडेन्सरचा. हे दुरुस्त न करता वरून गॅस भरला तर दाब आणखी चढतो आणि मरतो कॉम्प्रेसर.

निघताना थंड असतो. अर्ध्या-पाऊण तासाने वारा कमी होतो आणि मडगाव येईपर्यंत काहीच येत नाही. एसी थोडा वेळ बंद केला की पुन्हा ठीक. हे काय आहे?

कॉइलवर बर्फ धरतो आहे. कूलिंग कॉइल शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून तिथे एक सेन्सर बसवलेला असतो. कॉइल फार थंड झाली की तो कॉम्प्रेसर थांबवायला लावतो. सेन्सर बिघडला किंवा जागेवरून सरकला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि आपल्या हवेत ओलावा इतका की कॉइलच्या पात्यांवर बर्फाची भिंत उभी राहते. ब्लोअर, म्हणजे हवा आत ढकलणारा पंखा, फिरत असतो, पण वाऱ्याला वाट नसते. एसी दहा मिनिटं बंद ठेवला की बर्फ वितळतो, पाणी खाली पडतं आणि सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं.

तुंबलेला केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) आणि कमी झालेला गॅस यांमुळेही हेच घडू शकतं. म्हणून फिल्टर आधी पाहा, तो सगळ्यांत स्वस्त.

ब्लोअर जोरात चालतो, पण हवा अजिबात थंड नाही. 'टक्' आवाजही येत नाही.

कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीये. याची कारणं स्वस्तापासून महागापर्यंत अशी तपासावीत : फ्यूज, रिले, क्लचकडे जाणारी वायर, प्रेशर स्विच, क्लच आणि अगदी शेवटी कॉम्प्रेसर. गॅस खूपच कमी झाला तर प्रेशर स्विच मुद्दाम कॉम्प्रेसर बंद ठेवतो, कारण तेल गॅससोबत फिरतं. गॅस नसताना कॉम्प्रेसर चालला तर कोरडा घासून जाम होईल. हा स्विच वायरने जोडून "बघा, चालला" असं दाखवणारे आहेत. त्यांना तसं करू देऊ नका.

उंदरांनी वायर कुरतडलेलीही खूप सापडते, विशेषतः माडाच्या नाहीतर काजूच्या झाडांखाली उभ्या असणाऱ्या गाड्यांत.

गाडी गार असताना एसी लागतो आणि इंजिन तापल्यावर सुटतो, अशी तक्रार असेल तर क्लचमधली फट पाहायला सांगा. ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. प्लेट झिजून फट वाढली की तापलेलं चुंबक तिला ओढू शकत नाही. पुष्कळदा आतला एखादा शिम, म्हणजे पातळ चकती, काढून हे काम होतं. अशा गाड्यांना नवा कॉम्प्रेसर घालायला सांगितलेलं मी पाहिलं आहे.

जाड पाइप बर्फासारखा गार आहे, तरी आत कोमट हवा येते.

मग गॅसला हात लावायचाच नाही. डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. ती थंड हवा आणि हीटरची गरम हवा यांचं मिश्रण करते. तिची केबल सुटली, झडप अडकली किंवा तिला फिरवणारी छोटी मोटर बिघडली तर हीटरची हवा मिसळत राहते. डॅशबोर्डच्या मागून घड्याळासारखा टक-टक-टक आवाज येत असेल तर त्या मोटरचे दाते गेलेत असं समजा.

हवा थंड आहे, पण येतेच कमी.

केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि काढायला पाच मिनिटं लागतात. पावसाळा संपल्यावर एकदा पाहाच. चार महिन्यांच्या ओलाव्याने त्यावर बुरशी धरलेली असते. झटकून परत घालण्यापेक्षा नवा घाला. ब्लोअर फक्त सगळ्यांत मोठ्या नंबरवर चालत असेल आणि बाकी नंबर मेलेले असतील तर ब्लोअरचा रेझिस्टर गेला आहे.

गॅरेजवाल्याने गाडी बंद असताना गेज लावून दाखवलं, "गॅस फुल्ल आहे." मग थंड का होत नाही?

बंद गाडीत दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तो गॅस किती आहे यावर नव्हे, तापमानावर ठरतो. घरगुती सिलिंडरचंही असंच आहे : आत थोडा द्रव उरला असेपर्यंत दाब तेवढाच. ३० अंशांना आर-१३४ए गॅसचा (बहुतेक गाड्यांत हाच असतो) दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दिसणार, लाइनमध्ये दोनशे ग्रॅम असो की साडेचारशे.

इंजिन सुरू करून, एसी चालवून घेतलेले आकडे उपयोगाचे. आपल्याकडच्या दुपारी लो साइडला (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूला) २५ ते ४५ आणि हाय साइडला (त्यातून बाहेर पडणाऱ्या जास्त दाबाच्या बाजूला) १८० ते २५० पीएसआय हे ढोबळमानाने निरोगी गाडीचं लक्षण. दोन्ही कमी तर गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी तर कॉम्प्रेसर दमला. दोन्ही फार जास्त तर गॅस जास्त भरलाय, पंखा चालत नाही किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. हे आकडे पाहिल्याशिवाय भाग बदलायला होकार देऊ नका. समोर उभं राहून "आकडे दाखवा" असं सांगितलं तर चांगला मेकॅनिक रागावत नाही.

गॅस भरताना मी नेमकं काय पाहू?

दोन गोष्टी : व्हॅक्यूम आणि वजनकाटा.

लाइन उघडली की तिच्यात हवा आणि बाष्प शिरतं. गोव्याच्या हवेत तर जूनमध्ये उघड्या नळीत ओलावा नुसता ओतल्यासारखा जातो. ते पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकात गोठतं, आणि तेलाशी मिळून आतले भाग खातं. व्हॅक्यूम पंप लावल्यावर दाब इतका उतरतो की ते पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. ३० अंशांच्या दुपारी त्यासाठी गेजचा काटा व्हॅक्यूमच्या (पाऱ्याच्या) २९ इंचांच्या जवळ पोचावा लागतो आणि तिथे तीस-चाळीस मिनिटं राहावा लागतो. पंप बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं काटा तिथेच थांबला पाहिजे. मागे सरकला तर गळती अजून आहे, गॅस भरायचा नाही. पाच मिनिटं पंप लावून "झालं" म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

आणि गॅस ग्रॅममध्ये मोजून. बोनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. "थोडा जास्त भरतो, जास्त थंड होईल" हे चूक आहे. जास्त गॅसने थंडावा कमीच होतो. मोठा भाग बदलला किंवा लाइन बरेच दिवस उघडी राहिली तर ड्रायरही बदलायला सांगा. त्याच्या आत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि ते एकदा भरले की भरले.

कुठेतरी निम्म्या पैशात गॅस भरून मिळतो. काय हरकत आहे?

काय भरतात ते कळल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. स्वस्ताईसाठी काही जण एलपीजीसारखा हायड्रोकार्बन गॅस भरतात. तो थंडावा देतो, हेच धोक्याचं आहे, कारण गिऱ्हाईक खूश होतं. पण तो पेट घेणारा गॅस आहे. कॉइल डॅशबोर्डच्या आत आहे. ती गळली तर तो गॅस जमतो तुमच्या मुलांच्या शेजारी. यावर मी कधीच तडजोड करत नाही, कितीही ओळखीचं माणूस असलं तरी.

गळती बुजवणारं 'स्टॉप लीक' औषधही टाळा. भोक बुजेलच याची खात्री नाही, व्हॉल्व्ह मात्र बुजतो.

जुना गॅस हवेत सोडून देणारं गॅरेजही चांगलं नाही. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरणारा वायू आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापर जगभर कमी करत न्यायचं ठरलं आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. गॅस परत ओढून साठवणारं यंत्र असतं. ते आहे का, एवढं विचारा. घरी स्वतः डबा लावण्याचा प्रयोग करू नका : हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते.

बेळगावला गेलो की हाच एसी झकास चालतो, गोव्यात उतरलो की मंद. गाडीत दोष आहे का?

बहुधा नाही. एसीला हवा थंड करायच्या आधी तिच्यातलं पाणी काढावं लागतं, आणि त्यातच त्याची ताकद जाते. एक लिटर पाण्याएवढं बाष्प कॉइलवर जमून पाणी होताना जी उष्णता सोडतं, तेवढ्या उष्णतेत आठेक लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला नेता येईल. तेवढं सगळं ओझं कॉम्प्रेसरने उचलायचं. पठारावरची हवा उन्हाळ्यात तापते, पण कोरडी असते.

म्हणून ताळा थर्मामीटरने घ्यावा. डॅशबोर्डवरच्या मधल्या जाळीत साधा थर्मामीटर खोचा, दारं-काचा बंद, आतली हवा फिरती, ब्लोअर मध्यम, इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर, दहा मिनिटं. गोव्याच्या दुपारी ८ ते १२ अंश आले तर एसी निरोगी आहे. १५ च्या वर असेल तर शोध घ्या.

चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट चढताना मध्येच थंडावा जातो आणि वर पोचल्यावर परत येतो, हाही नेहमी दोष नसतो. जोर लागताना गाडीचा संगणकच कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडतो. मात्र त्याच वेळी इंजिनच्या तापमानाचा काटा चढत असेल तर गाडी बाजूला घ्या. तो प्रश्न कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा आहे आणि एसीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

गाडीखाली पाणी पडतं. गळती आहे का?

ते कॉइलवर जमलेलं हवेतलंच पाणी, पडू द्या. आपल्याकडे ते पडलं नाही तरच काळजी करा. पुढच्या सीटसमोरची चटई ओली होत असेल तर पाणी जाण्याची नळी पाचोळ्याने किंवा मुंग्यांच्या मातीने तुंबली आहे. खालून हलकी हवा मारली की सुटते. चटईवरचं पाणी गोडसर वासाचं आणि चिकट असेल तर तो हीटरमधून येणारा कूलंट असू शकतो.

एसी लावला की कुबट वास येतो.

ओल्या कॉइलवर बुरशी धरते. मुक्कामाला पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करा, बाहेरची हवा सुरू करा आणि ब्लोअर चालू ठेवा. कॉइल सुकते. ही एक सवय लागली तर फवारे-बिवारे मारावे लागत नाहीत. वास आधीच बसला असेल तर फिल्टर बदलून कॉइल फेसाने धुऊन घ्यावी.

पावसात काच धुरकट होते. तेव्हा एसी लावायचा की हीटर?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे हा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. आधी बोट लावून पाहा, बाष्प आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी लावा, हवा काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून काच झटकन स्वच्छ होते. थंडी वाजत असेल तर बटण गरमकडे फिरवा, एसी सुरूच ठेवून. बाहेरून धुरकट झाली असेल तर काच फार थंड झाली आहे : वायपर मारा, थंडावा कमी करा, वारा काचेवरून पायांकडे वळवा.

यासाठीच पावसाळ्यात एसी बिघडलेला तसाच ठेवू नये. "आता काय, गारवाच आहे, चवथीनंतर पाहू" असं म्हणणाऱ्यांना मी थांबवतो.

इलेक्ट्रिक गाडीलाही हेच लागू पडतं का?

कंडेन्सर धुणं, फिल्टर, वास, पाणी हे सगळं तेच. बाकी मात्र हात लावू नका. तिचा कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टच्या विजेवर चालतो, त्याच्या वायरी नारिंगी असतात, तेलही वेगळं असतं आणि चुकीचं तेल गेलं तर विजेचा अटकाव (इन्सुलेशन) बिघडतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत बॅटरीही याच लाइनवर थंड होते. शिकलेल्या माणसाकडेच द्या.

मी बोटीवर असतो. गाडी सात-आठ महिने घरी उभी राहते आणि आलो की एसी गेलेला. काय करावं?

आमच्या तारवटी गिऱ्हाइकांचा हा हमखास प्रश्न. कॉम्प्रेसरच्या दांड्याला जे सील असतं ते तेलाने ओलं राहावं लागतं. महिनोन्महिने फिरलं नाही की कोरडं पडतं आणि तिथूनच गॅस झिरपतो. घरच्या कोणालातरी सांगून ठेवा : आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या जागेत काढून दहा-पंधरा मिनिटं एसी लावून चालवायची, पावसाळ्यातसुद्धा. बंद गॅरेजात इंजिन चालवायचं नाही. जायच्या आधी कंडेन्सर गोड्या पाण्याने धुवा आणि आतली हवा फिरवण्याचं बटण लावून ठेवा, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप बंद राहते. कुडतरीच्या एका गाडीच्या ब्लोअरमधून मी आंब्याची सुकी पानं, काथ्या आणि पोरांच्या वहीचे तुकडे घालून केलेलं उंदराचं अख्खं घरटं काढलं आहे. झडप उघडी राहिली होती. आल्यावर पहिल्यांदा सुरू करताना ब्लोअर संथ नंबरवर लावा आणि कान द्या. फडफड ऐकू आली तर लगेच बंद करून फिल्टरचं झाकण उघडा.